दारफाळणीच्या ग्रंथाची कैफियत

कोण उघडतंय मला? आणि याला काय हवंय?

रागावू नका. मला हात लावणाऱ्या प्रत्येकाबद्दल माझ्या मनात आधी हाच प्रश्न येतो. मी दारफाळणीचा ग्रंथ बोलतोय. वय विचाराल तर दीडशे कधीच ओलांडली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो की पुस्तक उघडणारा प्रत्येक माणूस वाचायलाच आलेला असतो असं नाही. कुणी किंमत करायला येतो, कुणी त्यात आपलं नाव शोधायला येतो, तर कुणी दुसऱ्याचं नाव झाकायला.

दारफाळणी म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. कोकणात बेने इस्राएल लोक आहेत. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, आणि शनिवारी घाण्याला बैल न जुंपणारे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणतात. हे लोक वर्षातून एक दिवस घराची दारं लावून घेतात, पांढरे कपडे घालतात, पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागतात. तो दिवस दारफाळणीचा. त्या दिवशीच्या प्रार्थना माझ्यात छापलेल्या आहेत, इब्री म्हणजे हिब्रू भाषेत, उजवीकडून डावीकडे. वर्षाचे बाकीचे दिवस मी पेटीत पडून असतो. पडून असलेल्याला विचार सुचतात, आणि माझे विचार फारसे गोड नसतात हे मी कबूल करतो.

माझा जन्म अ‍ॅमस्टरडॅमचा. चिंध्यांच्या लगद्याचा जाड कागद, शिशाचे खिळे, आणि ते खिळे जुळवणारा एक खोकणारा म्हातारा. ओळ जुळवून झाली की तो ती तीन वेळा तपासायचा, कारण मालक चुकीमागे पगार कापायचा. मला वासराच्या कातड्याची बांधणी मिळाली. दुकानात आठ दिवसही राहिलो नसेन, इतक्यात एका साखरेच्या व्यापाऱ्याने मला नेलं आणि घरी पोहोचताच माझ्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं. नाव नसेल तर उद्या रस्त्यावरचा कोणी उचलून "माझं" म्हणेल, असंही खाली लिहिलं. मला तो माणूस आवडला. माझ्यासारखाच संशयी होता.

त्या नावाचा काही उपयोग झाला नाही. त्याच्या नातवाने मला एका दर्यावर्दी सौदागराच्या हवाली केलं. देताना तो पहिलं पान उघडू देत नव्हता, एवढं मला आठवतं. जहाजातून मी कोचीला आलो. तिथल्या यहुदी धन्यानेही व्यापाऱ्याच्या नावाखाली आपलं नाव घातलं. पुढे मी शमुएल नावाच्या एका गरीब शिक्षकाकडे आलो. कोकणात आपल्या धर्माचे लोक आहेत, शनिवार पाळतात, पण प्रार्थना विसरलेत, असं त्याने ऐकलं होतं. मला बासनात बांधून तो गलबतात बसला आणि बाणकोटच्या खाडीत उतरला.

मंडणगडाकडच्या त्या वस्तीत शमुएलने चार पावसाळे काढले. घाण्याशेजारच्या पडवीत बसून तो मोठ्या मोठ्या बाप्यांना अक्षरं शिकवायचा. शेवटी तापाने खंगला. मरायच्या आधी त्याने पहिल्या पानावर, दोन नावांच्या खाली, तिसरा लेख लिहिला. तो शब्दाला शब्द सांगतो, कारण पुढे याच लेखाबद्दल खोटं बोललं गेलं: "हा ग्रंथ मी शनिवार पाळणाऱ्या तेल्यांच्या वस्तीला दिला. तो कोणा एकाचा नाही. जो सांभाळील त्याने सर्वांसाठी सांभाळावा. तो विकू नये, गहाण ठेवू नये."

लेख इब्रीत होता. वस्तीतले लोक माझी अक्षरं चालीवर म्हणायला शिकले, पण अर्थ फारच थोड्यांना कळायचा. त्यामुळे शमुएलने काय लिहून ठेवलंय हे दोन पिढ्यांत सगळे विसरले. वस्ती पांगली, घाणे बंद पडले, माणसं मुंबईला आणि सरकारी नोकरीला गेली. मला सांभाळण्याचं काम वेळासकरांच्या घरात राहिलं. इसाजी वेळासकर, मग त्याचा मुलगा, मग नातू दाऊदजी. हा दाऊदजी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होऊन रत्नागिरीला आला आणि त्याच्या ट्रंकेतून मीही आलो.

रत्नागिरीत आमच्या लोकांची पाच घरं. मशीद नव्हती. प्रार्थनेच्या जागेला आमचे लोक मशीदच म्हणतात. सणाला सगळे परटवणे आळीत दाऊदजीच्या माजघरात जमायचे. दहा बाप्ये असल्याशिवाय प्रार्थना होत नाही, म्हणून कधी कधी दापोलीच्या पाहुण्याला दोन दिवस थांबवून घ्यावं लागायचं. दाऊदजीचा आवाज काही गोड नव्हता. औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस, तसंच नेटकं, एकेक अक्षर चिकटवल्यासारखं वाचायचा. पण संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला, दिवसभराच्या उपासाने घसा सुकलेला असताना, त्याचे डोळे भरायचे. त्याच्याबद्दल मला कधी संशय आला नाही. माझ्या आयुष्यात असं एकदोघांच्याच बाबतीत घडलं.

एकोणीसशे सव्वीस साली दाऊदजी गेला. घरात त्याची बायको मिलकाबाई एकटी राहिली. मूलबाळ नव्हतं. ती मंडणगडाकडच्या घाणेवाल्याची मुलगी. तिला ना इब्री वाचता येत होतं ना मराठी. आणि माझ्या संशयाला खरी धार आली ती इथून.

ऐका, काय व्हायचं ते. दर रविवारी जेवण आटोपलं की मिलकाबाई मला पेटीतून काढायची. बासन सोडायची, मांडीवर घ्यायची आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटायची. वाचता येत नाही, मग उलटते कशाला? प्रत्येक पानावरून तळवा फिरवायची, आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. माझी खात्री पटली की ही बाई माझी किंमत करतेय. मुंबईला हिचा भाऊ आहे, त्याला कळवील आणि एक दिवस मला वाटेला लावील.

हा संशय माझ्या एकट्याचा नव्हता. हस्साजी हवालदार म्हणून पोलिसातून निवृत्त झालेले गृहस्थ पाच घरांचे मुकादम होते. दाऊदजीच्या मागे प्रार्थना तेच वाचायचे, अडखळत. त्यांनी मिलकाबाईला दोनदा सुचवलं.

"मिलकाबाय, पुस्तक माझ्याकडं आणून ठेवा. तुमी बाईमाणूस, एकट्या. कशाला जोखीम?"

"जोखीम कसली त्यात? हितं होतं, हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"तुमाला वाचायला येत नाय. उघडता कशाला मग दर आयतवारी? लोक बोलतात."

"बोलू देत."

कारण तिने सांगितलं नाही. हवालदारांनी मान हलवली आणि पोलिसी नजरेने पेटीच्या कुलपाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, हवालदार, नजर ठेवा हो!

माझा स्वभाव कसा आहे हे कळावं म्हणून एक गंमतही सांगून टाकतो. एकदा ऐन पावसाळ्यात मिलकाबाई मयतीला बाणकोटला गेली होती. मागे कौलं सरकली आणि पेटीच्या डोक्यावरच धार लागली. शेजारच्या भंडाऱ्यांची कमळा परसदारातून आत शिरली, मिलकाबाई ठेवून गेली होती त्या किल्लीने पेटी उघडून मला उचललं, स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं आणि तिच्या घरी नेऊन भाताच्या कणगीवर ठेवलं. आठवडाभर मी तिला चोर, दरोडेखोर, काय वाटेल ते म्हणत होतो. मिलकाबाई आली तशी कमळाने मला आणून दिलं आणि म्हणाली, "हे घे गो तुझं देवाचं. चुलीशेजारी ठेवणार हुते, पण म्हटलं धुराचा वास लागंल." बिचारीने मला उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तरी मी तिच्यावरचा संशय पुरता सोडला नाही. न उघडणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कोणाला ठाऊक!

आणि एवढा संशयी मी ज्याला भुललो, तो माणूस आला एकोणीसशे एकतीस साली.

पावसाळ्यानंतर आगबोटी सुरू झाल्या होत्या. दारफाळणीला पंधरवडा होता. मांडवी बंदरात उतरून एझ्राजी बाणकोटकर थेट हवालदारांकडे गेले. मुंबईला इब्री शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. काळा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं लोण्यासारखं. कोकणातल्या आपल्या लोकांची जुनी पुस्तकं पाहून त्यांची यादी करतोय, असं त्यांनी सांगितलं. हवालदार त्यांना घेऊन मिलकाबाईकडे आले.

मास्तरांनी मला उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. काय सांगू! दाऊदजीनंतर पाच वर्षं मी हवालदारांचं अडखळणं सोसलं होतं. हा माणूस अर्थ समजून वाचत होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं जिथल्या तिथे. मी विरघळलो. शंभर माणसांवर संशय घेतला आणि या एकाच्या वेळी माझी अक्कल गहाण पडली. स्तुतीला पुस्तकंही भुलतात.

मग ते पहिल्या पानावर आले. व्यापाऱ्याचं नाव वाचलं, कोचीच्या धन्याचं वाचलं. शमुएलच्या लेखावर त्यांचं बोट थांबलं. मनातल्या मनात त्यांनी तो दोनदा वाचला.

"काय लिवलंय हो मास्तर?" मिलकाबाईने विचारलं.

"आशीर्वाद आहेत, बाई. या घरावर देवाची कृपा राहो, वगैरे."

कृपा? तिथे "विकू नये" लिहिलंय! मला एवढा धक्का बसला की क्षणभर वाटलं माझंच काही चुकतंय. ज्यांना वाचता येत होतं त्यांना समजत नव्हतं, आणि ज्याला समजत होतं तो खरं सांगत नव्हता. मला तोंड नाही. मी मांडीवर पडून राहिलो.

"शिवण सुटलीय याची," मास्तर म्हणाले. "अजून एक-दोन वर्षांत पानं गळतील. इथे चांगला बुकबाइंडर आहे म्हणतात. आठ दिवस द्या, बांधून आणतो. खर्च माझा."

हवालदारच म्हणाले, "द्या हो. शिकलेला माणूस आपणहून म्हणतोय." तिने मला हातात घेतलं आणि रविवार नसतानाही सगळी पानं एकदा उलटली, तळवा फिरवत, पुटपुटत. मग बासनात बांधून मास्तरांच्या हातात दिलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा हिच्या तावडीतून. आज हे आठवलं की लाज वाटते.

बाइंडरने काम चोख केलं. दोन दिवसांत नवा दोरा, नवी खळ, कडांना रंग. उरलेले दिवस मी खालच्या आळीत मास्तर उतरले होते त्या खोलीत काढले. तिथे खानावळवाला चहा घेऊन यायचा. एकदा त्याने विचारलं, "एवढं काय हो आहे या बाडात?" तेव्हा मास्तर हसून म्हणाले, "मुंबईत एक साहेब जुने ग्रंथ जमवतो. नुसत्या ग्रंथावर त्याचं समाधान नाही. तो कुणाचा, कुणाकडून कुणाकडे गेला, हे ग्रंथातच लिहिलेलं हवं त्याला. आणि विकणाऱ्याच्या घराण्याचं नाव हवं." खानावळवाल्याला यातलं ओ की ठो कळलं नाही. मला सगळं कळलं, आणि साहेबाकडे पोहोचायच्या आत माझं पहिलं पान "गळणार" हेही कळलं.

माझ्यात कोरं पान एकच होतं. सकाळच्या प्रार्थना संपतात तिथे, पानाच्या पाठीवर. मास्तरांनी आधी रद्दी कागदावर चार-पाचदा गिरवून पाहिलं, जुन्या वळणाचं अक्षर. मग टाक बुडवून त्या कोऱ्या पानावर दहा ओळी लिहिल्या. खिडकीतल्या उन्हात मला उघडं ठेवलं, आणि शाई वाळल्यावर चहाच्या पाण्यात कापूस भिजवून त्यावरून हलकेच फिरवला. दुपारपर्यंत ती शाई शंभर वर्षांची म्हातारी दिसू लागली. खरं सांगतो, माझ्या अंगावर हाताने लिहिलेलं एवढं सुंदर अक्षर दुसरं नाही.

दारफाळणीच्या आधीच्या रविवारी मास्तर मला घेऊन परटवण्यात आले. मिलकाबाईच्या माजघरात हवालदार आणि पाचही घरांचे बाप्ये जमले होते. प्रार्थनेची तयारी ठरवायची होती. परसदारी कमळा केरसुणी घेऊन रेंगाळत होती.

"बांधताना एक शोध लागला," मास्तर म्हणाले. "दोन पानं चिकटलेली होती. सोडवली तर आत जुना लेख. वाचून दाखवतो, मराठी करून."

त्यांनी वाचलं: "मी, एलियाजी बाणकोटकर, हा माझा ग्रंथ इसाजी वेळासकर याच्याकडे सांभाळायला ठेवला. माझे वंशज मागतील तेव्हा त्याने किंवा त्याच्या वंशजांनी तो परत द्यावा. जो दडवून ठेवील त्याच्यावर देवाचा कोप होवो. शनिवारी, शब्बाथाच्या पवित्र दिवशी, सकाळची प्रार्थना आटोपल्यावर, सर्वांसमक्ष, हे मी माझ्या हाताने लिहिले."

वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "एलियाजी माझे पणजोबा," ते हळूच म्हणाले.

सगळ्यांच्या माना हळूहळू मिलकाबाईकडे वळल्या.

"म्हणजे दाऊदजी," हवालदार म्हणाले, "परक्याची वस्तू आपली म्हणून वापरीत हुता? पंधरा वर्सं आमाला त्यातनं प्रार्थना सांगितलान, आणि देवाचा कोप डोक्यावर?"

मिलकाबाईचा चेहरा राखेसारखा झाला. माझ्याबद्दल काहीही बोलले असते तर तिने सोसलं असतं. पण घाव दाऊदजीवर बसला होता, आणि तो बिचारा कबरस्तानात होता. त्याच्यासाठी उत्तर द्यायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"हे पान कोरं हुतं," ती म्हणाली.

"बाई, चिकटलेलं होतं," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्हाला कसं दिसणार?"

"मिलकाबाय, तुमाला वाचायला येत नाय," हवालदार म्हणाले.

"कोरं कळायला वाचायला कशाला यायला हवं?" तिचा आवाज चढला. "धनी गेले त्या दिवसापास्नं दर आयतवारी पानं मोजते मी. कसर लागली का, वाळवी शिरली का, एखादं पान गळलं का. सगळ्यांची वस्तू, माझ्या हातून खराब झाली तर तुमाला काय तोंड दाखवू? हे पान एकशे सोळावं. हाताला गुळगुळीत लागायचं. येवड्या वर्सांत येकदाबी चिकटलेलं नव्हतं."

तेव्हा मला कळलं, ती दर रविवारी काय पुटपुटत होती. आकडे. मी तिला पाच वर्षं चोर समजत होतो आणि ती माझी पानं मोजत होती, मुलाचे दात मोजावेत तशी.

पण माझं काय घेऊन बसलात, माणसांवर तिच्या बोलण्याचा परिणाम झाला नाही. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. अडाणी बाई, एकटी, पुस्तक सोडायला तयार नाही, वर आता मोजणी सांगते! हवालदार म्हणाले, "लेखी पुरावा आहे, बाय. त्यापुढं आपण काय बोलणार?" मास्तरांनी बासनाकडे हात नेला. दुसऱ्या दिवशीची आगबोट त्यांनी ठरवलेली होती.

मिलकाबाई भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "मास्तर, शेवटचं तेवडं परत वाचा."

"कशाला उगीच त्रास करून घेता?"

"वाचा तरी."

मास्तरांनी वाचलं. शनिवारी, शब्बाथाच्या पवित्र दिवशी, सकाळची प्रार्थना आटोपल्यावर, माझ्या हाताने लिहिले.

"वार कुठचा?"

"शनिवार. म्हणून तर या लेखाला एवढा मान. चांगला दिवस बघून लिहिलाय."

"तुमचे पंजोबा बाणकोटचे. आमच्यातलेच. घाणेवाले."

"अर्थात."

"माझ्या बापाचा घाणा शनवारी फिरत नसे," ती उठून उभी राहिली. "बैलसुदा सोडलेला असायचा. चूल पेटवायची नाय, सुई धरायची नाय, दोरी कापायची नाय. गावात साहेब आला, तेल आत्ताच्या आत्ता हवं म्हणालान, तरी बाबा जागचे हलले नाय. म्हणून लोक शनवार तेली म्हणत आमाला, आणि तुमच्या पंजोबाने शब्बाथाच्या सकाळी, प्रार्थना करून उठल्यावर, सगळ्यांच्या देखत टाक हातात घेतलान? आणि कोणी त्याचा हात धरलान नाय?"

मास्तरांचा चेहरा पहिल्यांदा हलला. "तेव्हाचे लोक अज्ञानी होते, बाई. शब्बाथाला लिहू नये वगैरे बारीक नियम त्यांना कुठले ठाऊक? अक्षरओळख नव्हती त्यांना."

"अक्षर ठावं नव्हतं," मिलकाबाई म्हणाली. "शनवार ठावा हुता."

जमलेल्या एकेका माणसाने आपापला आजा, आपापली आजी आठवून पाहिली असणार. बहुतेकांच्या घरात पूर्वी इब्रीचं एक पान नव्हतं, प्रार्थनेचा एक शब्द नव्हता. होता तो फक्त शनिवार. मुंबईत राहून मास्तरांना सगळी इब्री आली, पण शनिवार त्यांच्या हातून कधी निसटला ते त्यांनाही कळलं नव्हतं. म्हणून तर खोट्याला शोभा यावी म्हणून त्यांनी नेमका तोच दिवस निवडला.

हवालदार सावकाश उठले. इतक्या वर्षांची पोलिसातली नोकरी त्यांच्या पाठीत परत आली. त्यांनी मला पाटावर ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, ग्रंथावर हात ठेवा. एलियाहू हन्नबीच्या नावाने सांगा, की हा लेख तुमच्या पंजोबाच्या हातचा. येवडंच. मग घेऊन जा."

एलियाहू हन्नबी हा आमचा प्रेषित, त्याची खोटी शपथ आमच्यात कोणी घेत नाही. शनिवार विसरलेलाही घेत नाही. मास्तरांनी घड्याळ काढून पाहिलं, छत्री उचलली आणि "असल्या अडाण्यांत वेळ घालवायला मला सवड नाही" असं म्हणून ते पायऱ्या उतरले. कमळा परसदारातून पुढे येऊन त्यांच्या वाटेवर केरसुणी फिरवत राहिली, धूळ उडेपर्यंत.

"पान फाडून टाकू," हवालदार म्हणाले. ते चिडले होते, आणि शरमलेही होते.

"त्याच्या पाठीवर काय आहे?" मिलकाबाईने विचारलं.

हवालदारांनी उलटून पाहिलं. सकाळच्या प्रार्थनेची अखेर. त्यात देवाचं नाव.

"खरवडता येईल?"

त्यांनी पान उजेडात धरलं. चहाच्या पाण्याने कागद पातळ झाला होता. खरवडलं असतं तर पलीकडच्या नावालाच भोक पडलं असतं. देवाचं नाव असलेलं पान फाडायचं नाही की बिघडवायचं नाही, हा आमच्यातला जुना धाक.

मिलकाबाई त्या सुंदर दहा ओळींकडे पाहत राहिली. तिच्या नवऱ्याच्या घराण्याला चोर म्हणणारी ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण त्यांचा अर्थ तिला आता पाठ झाला होता. "ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. तिने ते मनावर केवढा दगड ठेवून म्हटलं, हे मीच जाणतो. मग तिने विचारलं, "आज वार कुठचा?"

"आयतवार."

"आयतवारी लिवायला हरकत नाय. खाली मी सांगते तसं लिवा."

हवालदारांनी दौत आणवली. इब्रीत रचना करणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून चौकीत पंचनामे लिहायचे त्या मोडीत लिहिलं: "वरील मजकूर खोटा. दाऊदजीने कोणाचे काही ठेवून घेतले नाही. लिहिले रविवारी." त्याखाली मिलकाबाईने अंगठा शाईत बुडवून उठवला. जोरात दाबला. त्याची ओल पलीकडे जाणार नाही ना, म्हणून लगेच फुंकर घातली.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. दर रविवारी पानं मोजत राहिली, आणि मी तिच्या मांडीवर पहिल्यांदाच निर्धास्त पडून राहायचो. हवालदारांनी पुन्हा पेटीच्या कुलपाकडे पाहिलं नाही. तिची माफी मागावी असं मला फार वाटायचं. माझ्यात माफीच्या प्रार्थना तर भरपूर छापल्यात, पण त्यांतली एकही मला स्वतः म्हणता येत नाही.

आता एकोणीसशे अडतीस साल आहे. मिलकाबाई गेली, हवालदार गेले. रत्नागिरीत आमची दोन घरं उरलीत. पाहुणे थांबवूनही दहा बाप्ये जमत नाहीत, म्हणून गेल्या दारफाळणीला मी बासनातच होतो. हवालदारांची सून चिमा मला उद्याच्या आगबोटीने मुंबईला नेणार आहे, तिथल्या मोठ्या मशिदीत द्यायला. बाई चांगली आहे, म्हणजे निदान वाटते तरी. पण मुंबईच्या धक्क्यावर मला कोण उतरवून घेईल, त्याच्या मागे कोण उभं असेल, कुणी सोनेरी काड्यांचा चष्मा पुसत असेल का, हे मला ठाऊक नाही. तिथून साहेबाकडे, साहेबाकडून समुद्रापलीकडे, असंही व्हायचं. एकदा आलोय मी समुद्रावरून.

माझी भीती वेगळीच आहे. पुढे जो विद्वान मला उघडील त्याला इब्री येत असेल. तो एकशे सोळावं पान उलटील, ते सुंदर अक्षर वाचील, खूश होईल आणि आपल्या वहीत उतरवून घेईल. खालच्या मोडीच्या ओळी त्याला किड्यांच्या रांगेसारख्या दिसतील. मोडी वाचणारी माणसं आता आपल्याकडेच कमी होत चाललीत, मग परमुलखात कोण वाचणार? मग त्याचं लक्ष जाईल त्याखालच्या काळ्या वर्तुळाकडे. तो कापूस घेईल, कसलंसं पाणी घेईल.

तुम्ही जे कोणी असाल, हात आवरा. तो डाग नाही. ती मिलकाबाई आहे.